मदत हवी आहे: लाटव्हियाच्या गुनार्स अस्त्रांबद्दल

नमस्कार मंडळी, एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय, सोव्हिएत राजवटीला विरोध करणाऱ्या गुनार्स अस्त्रांवर, आणि अडकलेय. थोडक्यात सांगते. १९४० मध्ये सोव्हिएत रशियाने लाटव्हिया गिळला, मग जर्मन आले, मग परत रशियन. अस्त्रा राजधानी रीगामधल्या व्हीईएफ या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात कामाला होते. १९६१ मध्ये पकडलं आणि १५ वर्षं छावणीत, तीही पूर्ण भोगली. १९७६ ला सुटले, तर गप्प बसावं ना माणसानं, पण नाही! १९८३ मध्ये परत अटक, सोव्हिएतविरोधी प्रचाराचा आरोप, ७ वर्षं कैद वर ५ वर्षं हद्दपारी. त्यावेळी भर कोर्टात शेवटचं भाषण करताना हा काळ वाईट स्वप्नासारखा विरून जाईल असं म्हणाले, ते वाचून खरंच काटा आला अंगावर. फेब्रुवारी १९८८ मध्ये सुटका झाली आणि एप्रिलमध्ये लेनिनग्राडच्या हॉस्पिटलात वारले, म्हणजे जेमतेम दोन महिने. देश मोकळा झाला १९९१ ला, ते बघायला नव्हते.

तर त्या भाषणाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर कुणाकडे आहे का? मला तुकडेच मिळालेत. आणि रीगात शिकायला गेलेली आपली बरीच मुलं आहेत, कुणाचा भाचा-पुतण्या असेल तर तिथल्या ऑक्युपेशन म्युझियममध्ये (सोव्हिएत आणि जर्मन ताब्याच्या काळाचं संग्रहालय) विचारून सांगेल का प्लीज? शिवाय आडनाव 'अस्त्रा' लिहू की 'आस्त्रा'? नुसतं 'अस्त्र' लिहिलं तर महाभारत वाटतं हो.