बाप्टिझो : बुडवणं, धुणं की शुद्ध होणं?

यार्देनकाठ
'बाप्तिस्मा' (ख्रिस्ती होताना पाण्याने केला जाणारा विधी) हा शब्द मराठी बायबलात ग्रीकमधून जसाच्या तसा आला, त्यामुळे त्याचा अर्थ मराठी वाचकाला दिसतच नाही. मूळ क्रियापद बाप्टिझो. माझं मत सरळ आहे : याचा अर्थ बुडवणं, पाण्याखाली नेणं. योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार. आद्रियात समुद्राच्या मध्यावर आपलं जहाज बुडालं हे सांगताना तो हेच क्रियापद वापरतो. जहाजावर सुमारे 600 माणसं होती, वाचली 80 च्या आसपास. यरीहोच्या तलावात तरुण महायाजक अरिस्टोबुलसला पोहताना दाबून दाबून मारलं, तिथेही योसेफस हाच शब्द लिहितो. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो (दुसरे राजे 5:14), तिथेही तोच.

शिंपडण्यासाठी ग्रीकमध्ये रांटिझो आहे, ओतण्यासाठी एक्खेओ, हातपाय धुण्यासाठी निप्टो, अंग धुण्यासाठी लुओ. नव्या कराराच्या लेखकांना हे चारही शब्द ठाऊक होते आणि त्यांनी ते वापरलेही आहेत. तरी विधीसाठी त्यांनी बाप्टिझोच घेतला. मग कपाळावर चार थेंब शिंपडून त्याला बाप्तिस्मा म्हणणं शब्दाला धरून नाही.

कोशवाचक
जहाज बुडतं तेव्हा कोणी शुद्ध होत नाही. तुम्ही समुद्रावरचा अर्थ धर्मविधीत आणताय. शब्दाचा अर्थ ज्या व्यवहारात तो वापरला गेला तिथून काढायला हवा, आणि तो व्यवहार शुद्धाशुद्धीचा आहे.

मार्क 7:3-4 घ्या. परूशी (शुद्धीचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत, तिथे निप्टो आहे. बाजारातून आल्यावर बाप्टिझो केल्याशिवाय जेवत नाहीत, आणि पुढे पेले, मडकी, तांब्याची भांडी यांचे 'बाप्टिस्मोस' (बाप्टिझोवरून आलेलं नाम). काही हस्तलिखितांत या यादीत पलंगही आहेत. पलंग बुडवायचा कुठे? लूक 11:38 मध्ये येशूने जेवणाआधी बाप्टिझो केला नाही म्हणून यजमान परूशी चकित होतो. पाहुण्याने पानावर बसण्याआधी अख्खं अंग बुडवावं ही अपेक्षा कुठल्या घरात असते?

सगळ्यात ठळक इब्री लोकांना पत्र, अध्याय 9. दहाव्या ओवीत 'निरनिराळे बाप्टिस्मोस' म्हटलंय आणि त्याच प्रकरणात उदाहरणं काय? कालवडीची राख शिंपडणं (9:13), मोशेने पुस्तकावर आणि लोकांवर रक्त शिंपडणं (9:19), मंडपावर आणि पात्रांवर शिंपडणं (9:21). तिन्ही ठिकाणी रांटिझो. शिवाय योहान 3:25 पाहा. बाप्तिस्म्याबद्दल बोलणं चालू असताना वाद उपटतो तो काथारिस्मोसबद्दल, म्हणजे शुद्धीकरणाबद्दल. त्या काळच्या माणसाला दोन्ही एकाच विषयाचे भाग वाटत होते. बाप्टिझो म्हणजे धार्मिक शुद्धी करणं, पद्धत कोणतीही.

यार्देनकाठ
पलंग बुडवत असत. मिश्नात (यहुदी नियमांच्या जुन्या संग्रहात), शुद्धीच्या कुंडांबद्दलच्या मिक्वाओत 7:7 इथे, नेमकी हीच अडचण आली आहे : कुंडाच्या तळाशी दाट गाळ आहे आणि पलंगाचे पाय त्यात रुतले, तर पलंग शुद्ध की अशुद्ध? उत्तर, शुद्ध, कारण चिखलाआधी पाणी पायांना लागलेलं असतं. प्रश्न इतक्या बारकाईने विचारला गेला म्हणजे पलंग पाण्यात उतरवणं ही प्रथा होती. आणि मार्कमधला 'पलंग' हा शब्द सिनाई व व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीच, त्यामुळे त्यावर फार भार देऊ नये, तुम्हीही नाही आणि मीही नाही.

इब्री 9:10 मधला 'निरनिराळे' हा शब्द लेवीय 15 मधल्या स्नानांना नीट लागतो. शिंपडण्याचे दाखले पुढच्या ओव्यांत येतात हे खरं, पण लेखक त्यांना बाप्टिस्मोस म्हणत नाही, रांटिझोच म्हणतो. शब्द बदलतो, तो उगीच नाही.

कोशवाचक
सिनाई आणि व्हॅटिकन तुम्ही काढलीत, तर त्याच दोन हस्तलिखितांत मार्क 7:4 मध्ये बाप्टिझोच्या जागी रांटिझो लिहिलंय हेही सांगा. नकलकाराला अदलाबदल चालण्यासारखी वाटली.

आणि सिराख या जुन्या यहुदी ग्रंथाचा अध्याय 34 : 'प्रेताला शिवून बाप्टिझो केलेला माणूस पुन्हा प्रेताला शिवला, तर त्याच्या स्नानाचा उपयोग काय?' प्रेताची अशुद्धी घालवण्याचा विधी गणना 19 मध्ये आहे. तांबड्या कालवडीची राख, वाहतं पाणी, एजोब या झुडपाची जुडी, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडणं. या सगळ्याला सिराख एका शब्दात बाप्टिझो म्हणतो.

यार्देनकाठ
गणना 19:19 शेवटपर्यंत वाचा. सातव्या दिवशी शिंपडून झालं की माणसाने कपडे धुवायचे, पाण्याने स्नान करायचं आणि मग संध्याकाळी तो शुद्ध. सिराखचा शब्द त्या स्नानाला लागतो, म्हणून तर तो पुढे 'स्नान' म्हणतो. योसेफस हाच विधी सांगतो (पुरातन इतिहास, पुस्तक 4) तेव्हा एजोब पाण्यात बुडवण्याला बाप्टिझो म्हणतो आणि शिंपडण्याला वेगळा शब्द देतो. एकाच वाक्यात दोन क्रिया, दोन क्रियापदं.

नकलकाराचं म्हणाल, तर त्याने शब्द बदलला याचा अर्थ मूळ शब्द त्याला जागेवर बसेना. दोन्ही एकच वाटले असते तर बदलायची गरज काय होती?

चाळीस सेआ
तुम्ही दोघेही पाण्याचा हिशेब न करता भांडताय, आणि लूक 11:38 ची गाठ तिथेच सुटते.

अंगशुद्धीचं कुंड, म्हणजे मिक्वे, त्यात किमान 40 सेआ (जुनं यहुदी माप) पाणी लागतं. सेआच्या मापाबद्दल मतभेद आहेत, पण साधारण 300 ते 600 लिटर धरा. पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं, आपसूक आलेलं हवं. 40 सेआ भरण्याआधी त्यात 3 लोग (सेआहून बरंच लहान माप) भांड्याने ओढून आणलेलं पाणी पडलं तर कुंड बाद, मग पुढे कितीही पाऊस पडो. एकदा 40 भरले की ओतलेल्या पाण्याने ते बिघडत नाही. माणूस पूर्ण बुडला पाहिजे, अंगावर चिकटलेलं काही असेल आणि त्याखाली पाणी पोचलं नाही तर बुडी वाया.

हातांचं गणित वेगळं. त्यांच्यावर भांड्यातून पाणी ओततात, आणि माप फक्त पाव लोग, म्हणजे दीड अंड्याएवढं. पण मिश्नातली हगीगा 2:5 सांगते की साध्या अन्नासाठी आणि याजकांच्या वाट्यासाठी हातांवर पाणी घ्यावं, पवित्र बलीच्या अन्नासाठी मात्र हात *बुडवावेत*. म्हणजे फक्त हात बुडवणं ही ओळखीची क्रिया होती. लूक 11:38 तशीच असू शकते. पद्धत बुडवण्याची, पण बुडतात ते मनगटापर्यंतचे हात. यार्देनकाठ यांचं क्रियापद टिकतं, 'अख्खं अंग' आपोआप सिद्ध होत नाही. कोशवाचक यांची जेवणाआधीची अडचण उरत नाही, पण 'पद्धत कोणतीही' हेही सिद्ध होत नाही.

काना गावच्या लग्नातले सहा रांजण (योहान 2:6) पाहा. प्रत्येकी दोन-तीन मेट्रेटेस, म्हणजे 80 ते 120 लिटर. दगडी, कारण मातीचं भांडं अशुद्ध झालं की लेवीय 11:33 प्रमाणे फोडावं लागतं, दगडाला अशुद्धी लागत नाही असा नियम. नासरेथजवळ रेना भागात अशी दगडी भांडी कोरण्याची जागा उत्खननात सापडली आहे. त्या रांजणात माणूस बुडत नाही, शिवाय पाणी ओढून भरलेलं. योहान त्याला काथारिस्मोस म्हणतो, बाप्टिस्मोस म्हणत नाही. मोठं नाव काथारिस्मोस, त्याच्या पोटातली एक क्रिया बाप्टिझो.

वसईकिनारा
शब्दकोशाने विधी ठरत नाही, हे मंडळीने (चर्चने) फार लवकर सांगितलंय. दिदाखे हे सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीचं नियमांचं पुस्तक, सातवा अध्याय : वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. ओतण्यासाठी तिथे एक्खेओ आहे आणि विधीचं नाव बाप्तिस्माच. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने अंथरुणावरच्या रोग्यांना पाणी शिंपडून दिलेला बाप्तिस्मा पूर्ण असल्याचं पत्रात ठासून लिहिलं.

एक दुरुस्ती यार्देनकाठ यांच्या 'चार थेंबां'ना. कॅथलिक स्नानसंस्कारात, म्हणजे बाप्तिस्म्यात, पाणी शिंपडत नाहीत. बुडवतात किंवा तीनदा ओततात, आणि ते त्वचेवरून वाहायला हवं. केसांवरच अडकलं आणि कातडीला लागलंच नाही, तर संस्काराच्या वैधतेचाच प्रश्न येतो.

यार्देनकाठ
ओतण्याची दुरुस्ती मान्य. पण दिदाखेतली ओळ सवलत आहे, आणि सवलत नेहमीच्या रीतीतून मिळते. आजारपणातल्या बाप्तिस्म्याकडे लोक शंकेने पाहत, म्हणूनच सिप्रियनला त्याची बाजू घ्यावी लागली. नवकैसरियाच्या धर्मसभेचा बारावा नियम तर सांगतो की आजारपणात बाप्तिस्मा घेतलेल्याला, काही अपवाद सोडता, मंडळीचा वडील (याजक) म्हणून दीक्षा देऊ नये. कारण मात्र पाणी कमी पडलं हे नव्हे, निर्णय भीतीपोटी झाला हे दिलंय. माझ्या बाजूचं नसलं तरी सांगायला हवं.

कोशवाचक
भाषांतराचा प्रश्न काल्पनिक नाही. कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात बाप्टिझोचं 'बुडवणे' असं भाषांतर केलं, तेव्हा बायबल सोसायट्यांनी पैसे द्यायला नकार दिला. त्यातून अमेरिकेत बॅप्टिस्टांनी 1836 च्या सुमारास स्वतंत्र सोसायटी काढली. मराठीत 'बाप्तिस्मा' ठेवल्याने सगळ्या मंडळ्या एकच पुस्तक वाचू शकतात. तुमचं 'बुडवणे' छापलं तर इब्री 6:2 मधल्या 'बाप्टिस्मोस' या अनेकवचनाचं काय करणार?

यार्देनकाठ
'बुडवून करायची स्नानं' लिहीन, अनेकवचन सुखाने बसतं. आता माझा प्रश्न. मार्क 10:38 मध्ये येशू शिष्यांना विचारतो की जो बाप्तिस्मा मी घेतो तो तुम्हांला घेता येईल काय. तिथे कुंड नाही, राख नाही, शुद्धीचा विधी नाही, समोर फक्त दुःख आणि मरण आहे. ग्रीक यशया 21:4 मध्येही अधर्म माणसाला 'बाप्टिझो' करतो, म्हणजे गिळून टाकतो. तुमचा 'धार्मिक शुद्धी, पद्धत कोणतीही' हा अर्थ या दोन वाक्यांत घालून वाचून दाखवा.