दोन ते आठ जण: कुठले बोर्डगेम ठेवावेत?

परळवासी: वन रूम किचनमध्ये कपाटाचा एकच खण मोकळा आहे. एरवी दोघं, शनिवारी चौघं, गणपतीत आजीपासून शाळकरी पोरांपर्यंत सात-आठ जण. कुठले खेळ ठेवू?

दादरकर: आधी अझुल: तबकड्यांवरून रंगीत फरश्या उचलून आपल्या पाटावर मांडायचा खेळ. वाचायचं काहीच नाही. दोघांना 5 तबकड्या, तिघांना 7, चौघांना 9. प्रत्येकीवर 4 फरश्या. दोघांत जास्त चुरस, कारण नको त्या फरश्या समोरच्याच्या गळ्यात मारता येतात.

चकती: गणपतीसाठी डिक्सिट: एकाने आपल्या चित्राच्या पत्त्याची खूण द्यायची, बाकीच्यांनी ते चित्र ओळखायचं. 2021 ची आवृत्तीच बघून घ्या, ती 8 जणांना पुरते; जुनी 6 जणांनाच. नवखे लोक फार सोपी खूण देतात आणि तिथेच फसतात: चित्र सगळ्यांनी ओळखलं किंवा कुणीच नाही, तर खूण देणाऱ्याला शून्य, बाकीच्यांना 2-2 गुण. आजींना हे आधीच नीट सांगा, मग बघा कशा रंगतात! पत्त्यांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, नाहीतर जुलैत पत्ते वाकतात.

दादरकर: कॅरमला खण लागत नाही. फक्त ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका. प्लाय फुगला की सोंगट्या एका बाजूला वळतात. पावडर बोरिकचीच, चिमूटभर.