मदत हवी आहे : एनआयसीयूत लाइनचं इन्फेक्शन थांबतच नाही

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोट्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) स्टाफ नर्स आहे. नवजात विभागात काम करणारं कोणी असेल तर जरा सांगा.

दीड किलोच्या आतली बाळं आली की बेंबीतून लाइन (औषध-सलाइनसाठी रक्तवाहिनीत घातलेली बारीक नळी) पडते, नाहीतर पीआयसीसी (हातापायाच्या शिरेतून आत नेलेली लांब लाइन). लाइन टाकताना आमचे सर काटेकोर असतात. टोपी, मास्क, गाऊन, मोठा ड्रेप (निर्जंतुक चादर), काही सुटत नाही. घोळ नंतर होतो. बाळ चांगलं असतं, मग अचानक सुस्त पडतं, दूध पचत नाही, श्वास थांबतो आणि कल्चरला (रक्ताच्या जंतुतपासणीत) क्लेबसिएला हा जंतू येतो.

माझा संशय हबवर, म्हणजे जिथून औषध देतात त्या लाइनच्या बाहेरच्या तोंडावर आहे. रात्री एकाच सिस्टरच्या अंगावर इतकी बाळं असतात की स्पिरिटचा बोळा नुसता टेकवून इंजेक्शन जातं. त्यात सलाइनची बाटली एकच. तिच्या रबरी बुचात सुई खुपसलेली आणि सगळ्यांचे फ्लश (लाइन धुवायचं सलाइन) त्यातूनच. मी सुई काढते, पुढच्या ड्यूटीला ती पुन्हा तिथेच! बोलायला गेलं तर "मोठी शहाणी आली" ऐकावं लागतं.

बजेट नाही हे धरूनच सांगा. आधी काय बदलू? आणि अगदी लहान बाळाच्या कातडीला क्लोरहेक्सिडिन (जंतू मारायला लावतात ते औषध) चालतं का? एकाची पाठ भाजल्यासारखी लाल झाली होती.

प्रतिसाद १
ताई, सुई आधी बंद करा. दहा मिलीचे प्लास्टिकचे अँप्युल मागवा. एक अँप्युल एकाच बाळाला, उरलं तर फेका. एका कल्चरच्या खर्चात कितीतरी येतात, हा हिशोब मॅनेजमेंटला कागदावर दाखवा. तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

हब किमान पंधरा सेकंद घासायचा आणि वाळू द्यायचा. वाळू द्यायचं राहतं, घोळ तिथेच होतो.

क्लोरहेक्सिडिन जपून. दिवस भरायच्या फार आधी जन्मलेल्या बाळांना, त्यातही स्पिरिटमधलं, कातडी भाजतं. थोडंच घ्या, पाठीखाली ओघळून साचू देऊ नका, ड्रेप ओला झाला तर लगेच बदला. बेंबीच्या लाइनवर अँटिबायोटिक मलम लावू नका, बुरशी वाढते.

प्रतिसाद २
वरच्यांनी लाइन काढण्याचं लिहिलं नाही. रोज राउंडला सरांना एकच विचारा, "ही लाइन आज कशासाठी ठेवायची?" बेंबीतली शिरेची लाइन सात दिवसांच्या आत काढलेली बरी. आईचं दूध लवकर सुरू करून वाढवत नेलं की लाइनची गरजच संपते. आईला बाहेर बाकावर बसवू नका, दूध काढून द्यायला लावा.

धागाकर्ती
दोघांचे आभार. अँप्युलचा हिशोब उद्याच लिहिते. लिपिडची (शिरेतून द्यायच्या स्निग्ध द्रावाची) ट्यूबिंग आमच्याकडे बाकीच्या सेटसोबतच बदलतात, ते चालतं का?

प्रतिसाद १
नाही. लिपिडचा सेट चोवीस तासांत बदला. साधा सेट मात्र रोज उघडू नका, चार दिवस चालतो. जितक्या वेळा उघडाल तितका धोका.