कपाशीवरचा उतारा शेतकऱ्यासाठीच असतो का?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
आठवीच्या वर्गात ‘हा उतारा कोणासाठी लिहिला असावा?’ असे विचारले की मुले केवळ विषय पाहून उत्तर देतात. गुलाबी बोंडअळीवरच्या उताऱ्यात ‘बोंड म्हणजे कपाशीचे फळ, ते उमलले की आतला कापूस दिसतो’ असे वाक्य असूनही सगळ्यांनी ‘शेतकऱ्यांसाठी’ असेच लिहिले. विषय आणि अपेक्षित वाचक यांतला फरक त्यांना कसा समजावून द्यावा?

उत्तर (निवृत्त शिक्षक, वर्धा जिल्हा)
मॅडम, लेखकाला काय सांगण्याची गरज वाटली नाही, हे मुलांना आधी शोधायला लावा. ‘हेक्टरी 5 कामगंध सापळे लावावेत आणि सलग 3 दिवस प्रत्येक सापळ्यात रोज 8 पतंग सापडल्यास फवारणी करावी’ या वाक्यात कामगंध सापळा (मादीच्या गंधाने बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणारा सापळा) कसा असतो हे सांगितलेले नाही, आणि ‘लावावेत’, ‘करावी’ म्हणताना वाचकाच्या ताब्यात शेत आहे हे लेखकाने धरूनच चालले आहे; असे लेखन शेतकऱ्यासाठी असते. तुमच्या उताऱ्यात बोंडाचा अर्थ द्यावा लागला, तो ज्याने बोंड कधी पाहिले नाही अशा वाचकासाठी. आपल्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचलेला असतो, त्यामुळे त्या वाक्यावरून त्यांची नजर न अडखळता पुढे जाते. ‘हे वाक्य तुझ्या आजोबांना सांगावे लागले असते का?’ एवढे विचारून पाहा.

उत्तर (कृषी सहायक, अमरावती जिल्हा)
सरांचे म्हणणे पटते. मात्र एकाच मजकुराचे वाचक दोनही असू शकतात. कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण, ज्यात लाल सर्वांत विषारी आणि त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा असा क्रम असतो, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावा म्हणून असतो. त्याच लेबलवर विषबाधेवरील उपचाराची जी माहिती असते, ती मुख्यतः डॉक्टरांच्या कामाची असते. आमच्या भागात फवारणीतून विषबाधा झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून मुलांना हे लेबल वाचता यावे असे मला मनापासून वाटते.

शिक्षिका
दोघांचेही आभार. उद्या मुलांना घरून रिकामे डबे आणायला सांगते.

कृषी सहायक
मॅडम, कृपया डबे मागवू नका. रिकाम्या डब्यातही विषाचा अंश राहतो. लेबलचे छायाचित्र मोठे करून फळ्यावर लावले, तरी तेवढेच काम होईल.