मदत हवी आहे: भुज ते धोळावीरा सायकलने

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. डिसेंबरात मैत्रिणीबरोबर सायकलने जायचं ठरतंय: भुज, भिरंडियारा, खावडा आणि तिथून कच्छच्या रणातल्या रस्त्याने धोळावीरा. त्या रस्त्यावर सुमारे 30 किलोमीटर दोन्ही बाजूंना नुसतं मीठ; ना झाड, ना टपरी. तेवढ्या पट्ट्यात माणशी किती पाणी ठेवावं? वाटेतल्या बन्नीच्या गवताळ प्रदेशात वेड्या बाभळीचे काटे टायरमधून आरपार जातात, तर ट्यूबमध्ये सीलंट भरून भागतं का?

पण मुख्य विचारायचंय ते वेगळंच. बन्नीतल्या मालधारी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या लोकांच्या वस्त्यांवर थांबायची, भुंग्यात (त्यांच्या गोल मातीच्या घरात) बसून त्यांच्या म्हशींविषयी आणि बायकांच्या भरतकामाविषयी ऐकायची मला फार ओढ आहे. 2001च्या भूकंपातही टिकलेली ती गोल मातीची घरं आतून बघायची आहेत. गुजराती मला चांगलं येतं, कच्छी अजिबात नाही. मुक्कामासाठी वस्तीवर आधी कोणाला विचारायचं? बायकांचे फोटो काढलेले चालतात का? जेवू घातलं तर पैसे पुढे करणं त्यांच्या मनाला लागेल का? आई म्हणते, चहा-साखर घेऊन जा. मलाही तेच बरं वाटतं. कोणी राहून आलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.