मदत हवी आहे: साका धरलेल्या (गर आतून पांढरट, स्पंजासारखा झालेल्या) हापूसचे नमुने पुण्याला कसे न्यायचे?
मंडळी, मी रत्नागिरीचा, एमएस्सी बायोकेमिस्ट्री झालंय, आता पीएचडीसाठी साक्यावर मेटाबोलोमिक्स करायचंय, म्हणजे चांगल्या नि साका धरलेल्या फळातली शेकडो छोटी रसायनं मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं मशीन) ताडून बघायची. घोडं अडलंय नमुन्यांवर. फळ कापलं तरी एन्झाइम्स चालूच राहतात, म्हणून गर लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला गोठवायला लागतो, मग साठवण उणे ८० ला, आणि मशीन पुण्यात! आंब्याची पेटी एसटीने पण जाते हो, हे कसं नेऊ? ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) पुरेल का, की इथेच फ्रीज-ड्राय करून, म्हणजे गोठवून सुकवून, पावडर नेऊ? पण मग वासाची टर्पीन्स उडतील ना? आणि सायट्रिक, आयसोसायट्रिक ॲसिडचं वस्तुमान सारखंच, मग मशीनआधी ती वेगळी करायला क्रोमॅटोग्राफीचा कॉलम (रसायनं वेगळी करणारी नळी) कुठला घेता? लवकर सांगा, मे सरला की बागेत फळ नाही.