आपल्याकडचं "जीन" (कापसाचं) आणि दारूची जिन, शब्द एकच आहे का?

तापीकाठ
मंडळी एक प्रश्न आहे, हसू नका. पोरगा सहावीत आहे, इंग्लिश मिडियम. शाळेत आजोबांवर पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या, तर त्याने लिहिलं की माझे आजोबा जीनमध्ये कामाला होते, आणि स्पेलिंग घातलं जी आय एन. मॅडमने लाल पेनाने गोल करून वही परत पाठवली, पुढे प्रश्नचिन्ह. मी मोबाईलवर अर्थ बघितला तर पहिलाच अर्थ दारू!! आता आमच्या वडिलांची २२ वर्षं जीनात (म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) काट्यावर गेली, चोपड्याकडे लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे जीनच म्हणतात, "गाडी जीनवर लावली", "जुन्या जीनच्या मागे राहतो" वगैरे, मला तर आजपर्यंत तो मराठीच शब्द वाटायचा. मग हा शब्द आपला की इंग्रजांचा, आणि दारूशी त्याचं काही नातं आहे का? आणि जीनची पँट, घोड्याचं जीन, दिव्यातला जिन हे सगळे एकाच घरातले का?

सरकी_ढेप
घोड्याच्या जीनवरूनच आलाय भाऊ. पूर्वी मशीन जनावरं जुंपून चालवायचे, जनावर आलं की जीन आलंच. आमचे मामा सांगायचे.

पाटीपेन्सिल
मामांना नमस्कार पण तसं नाही. घोड्याचं जीन फारसीतून आलंय, मुळात झीन, त्याचा कापसाशी संबंध नाही.

कापसाचं जीन हे इंग्रजीच, आणि ते म्हंजे आपलं "इंजिन"च आहे, फक्त पुढचा तुकडा गळालेला. लॅटिनमध्ये इंगेनियम म्हंजे उपजत बुद्धी, हुशारी. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये एंजिन झालं, अर्थ आधी अक्कल, मग युक्ती, मग लबाडी, मग युक्तीने बनवलेली वस्तू. इंग्रजीत गेल्यावर लोकांनी पुढचं एन खाऊन टाकलं आणि जिन उरलं. जनावर पकडायच्या फाशालाही जिन, वजन उचलायच्या यंत्रालाही जिन. इंजिनियर पण त्याच कुळातला, म्हंजे शेतात पाणी उपसायला आपण जे इंजिन लावतो ते आणि गावातलं जीन हे सख्खे भाऊ!

शब्दाचं तोंड गळणं आपल्याला नवं नाही, संस्कृत अरण्यचं रान झालं आणि अरघट्टचा रहाट झाला, तिथंही पहिला अ गेलाच ना. आणि युक्तीवरून यंत्र हेही आपल्याकडे आहे, कळ दाबली म्हणतो तेव्हा यंत्राची आणि त्याला कळ माहीत आहे म्हणतो तेव्हा खुबीची.

दारूची जिन वेगळी. जुनिपर नावाच्या झाडाच्या फळांचा वास लावून ती करतात, आयुर्वेदात हपुषा म्हणतात त्याच्या जातीतलं. डच लोक तिला येनेव्हर म्हणायचे, इंग्रजांनी त्याचं जिनिव्हा केलं (स्वित्झर्लंडच्या गावाशी काही घेणंदेणं नाही, नुसता उच्चाराचा गोंधळ) आणि अठराव्या शतकाच्या सुरवातीला तेही तोडून जिन. लंडनमध्ये गरिबांत तिचा एवढा सुळसुळाट झाला की १७३६ आणि १७५१ साली आवरायला कायदे करावे लागले.

जीन पँट इटलीतल्या जेनोआ गावाच्या नावावरून, कापड तिकडचं. दिव्यातला जिन अरबी. पाच जण, पाच घरं, दारावर पाटी मात्र एकच.

काटा_आणि_गठाण
वरचे भाऊ शब्दाचं बोलले, मी मशीनचं बोलतो, आम्ही जीनातलेच. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ ला जे जिन केलं त्याच्यामुळे हे नाव जगभर गेलं, पण त्याचं मशीन दात्यांचं होतं, तारेचे दाते फिरून रुई ओढून घ्यायचे आणि सरकी जाळीमागे अडायची. आपल्याकडे बहुतेक जीनात रुळाचं मशीन असतं, डबल रूळ. रुळाला रुई चिकटून ओढली जाते, पात्यापाशी सरकी अडते आणि खाली पडते, बाकी काही जादू नाही. आणि रुळाने सरकी काढायची पद्धत तर आपलीच जुनी! अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात एका रुळाची चरकी आहे म्हणतात जाणकार, म्हंजे जळगावहून तासा-दीड तासावर. नाव तेवढं साहेबाचं लावलंय आपण.

व्हिटनीच्या मशीनचं अजून एक, त्याने काम सोपं झालं म्हणून मजूर सुटले असं झालं नाही, उलटं झालं. सरकी काढायचा खोळंबा संपला म्हणून मळे वाढले, अमेरिकेतले गुलाम १७९० ला ७ लाखाच्या आसपास होते ते १८६० ला ३९ लाखाच्या वर गेले. मग १८६१ ते ६५ तिकडे युद्ध, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग आपल्याकडे भाव चढले आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाली, रेल्वे पण त्याच सुमाराला आली. तिकडच्या लढाईचं इकडे सोनं झालं, लढाई संपली तसा भाव पण पडला, हे मात्र कोणी सांगत नाही.

सरकी_ढेप
मामा चुकले मग. पण आमना गावमा जीनमाच म्हनतस भो, घोडा ऱ्हावो का नको.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार, रान आणि रहाटवालं तर पोराला लगेच पटलं. वहीत आता "कापसाच्या जीनमध्ये" असं लिहून दिलंय, मॅडमला उद्या मी स्वतः भेटतो. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. इंजिनाचं ऐकून मान हलवली, दारूचं आलं तेव्हा मात्र हसले, म्हणे पगाराच्या दिवशी आमच्या गेटबाहेर समोरच दुकान होतं, निम्मी माणसं या जीनातून निघून त्या जिनात जायची, आम्हाला कधी दोन शब्द वाटलेच नाहीत.